शब्दावर बगीचा नको : बाग-ठेकेदार आणि जागामालक यांच्यातील लेखी कराराची माहिती

नागपूर वाढते आहे. बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, वर्धा रोड, हिंगणा, कोराडी रोड, काटोल रोड अशा सर्व दिशांनी लेआऊट पडत आहेत. बंगला झाला की समोर लॉन हवे असते, फ्लॅट स्कीम झाली की कुंपणालगत झाडे हवी असतात, फार्महाऊस झाले की दोन एकराचा बगीचा हवा असतो. या कामात आपल्या समाजातील बरीच मुले उतरली आहेत. कोणी माळीकामापासून सुरुवात केली, कोणी नर्सरीत काम करून शिकले, कोणी कृषी पदविका घेतली आणि नोकरीची वाट न पाहता स्वतःचा ठेका सुरू केला. भांडवल थोडे, मेहनत भरपूर आणि हाताला कौशल्य, असा हा व्यवसाय आहे.

पण यातील बहुतेक कामे आजही शब्दावर होतात. "तुम्ही लावा, पैशाचे पाहून घेऊ" या एका वाक्यावर लाखाचा माल जागेवर उतरतो. काम संपल्यावर मालकाला आठवते ते वेगळे आणि ठेकेदाराला आठवते ते वेगळे. मग भांडण होते, आणि भांडणात ज्याचे वजन जास्त त्याचे खरे ठरते. ते वजन बहुधा आपल्या मुलाचे नसते.

म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत. ती ठेकेदारासाठी आहे, बगीचा करून घेणाऱ्या मालकासाठी आहे, आणि विहाराच्या आवारात झाडे लावून घेणाऱ्या समित्यांसाठीही आहे.

अलिखित कामाचा इतिहास आपल्याला माहीत आहे

लेखी कराराची गोष्ट आपल्यासाठी नुसती व्यवहाराची नाही. महार वतनाचे मूळ दुखणे हेच होते की कामाची यादी कुठे लिहिलेली नव्हती. काम किती, वेळ कोणती, मोबदला किती, यातील काहीच ठरलेले नसे. हाक आली की जायचे, आणि घरचा एक माणूस हजर नसेल तर दुसऱ्याने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडले, त्यामागे हेच कारण होते. ते विधेयक तेव्हा पुढे गेले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. १९८२ मध्ये एशियाड बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीसुद्धा या अनुच्छेदाच्या अर्थाने सक्तीची मजुरी आहे.

ज्या समाजाने अलिखित कामाची किंमत पिढ्यान् पिढ्या मोजली, त्याने आज ठेका घेताना कागदाला लाजू नये. कागद मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. समोरचा बांधकाम कंत्राटदाराशी करार करतो, बँकेशी करतो, भाडेकरूशी करतो. मग बगीचावाल्याशी का नको?

कायद्यात तोंडी कराराची जागा

भारतीय करार कायदा १८७२ नुसार तोंडी करारही करारच असतो. दोन सज्ञान माणसांनी स्वेच्छेने, कायदेशीर कामासाठी, मोबदला ठरवून होकार दिला की कलम १० प्रमाणे करार होतो. त्यामुळे "लेखी नाही म्हणजे काहीच नाही" हा समज चुकीचा आहे. पैसे अडलेल्या ठेकेदाराने तो मनातून काढावा.

याच कायद्याचे कलम ७० लक्षात ठेवण्यासारखे आहे. एखाद्याने फुकट करण्याच्या हेतूने न केलेले काम दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. लॉन अंगणात उभे आहे आणि मालक त्यावर खुर्च्या टाकून बसतो आहे, तर "आपले काही ठरलेच नव्हते" म्हणून त्याला सुटता येत नाही.

मग लेखी का करायचे? तर तोंडी करार सिद्ध करावा लागतो. किती दर ठरला, किती माती ठरली, कोणती रोपे ठरली, हे साक्षीदार आणून सांगावे लागते. लेखी करार असेल तर कागदच बोलतो. आणखी एक फायदा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे वेळ वाचतो. ठेक्याच्या ठराविक रकमेसाठी हा मार्ग हवा असेल, तर मागणीचा आधार लेखी करार असावा लागतो.

करार कोणाशी करायचा

पुष्कळ ठेकेदार इथेच फसतात. काम दाखवतो एक, फोन करतो दुसरा आणि पैसे द्यायची वेळ आली की तिसऱ्याकडे बोट जाते. म्हणून आधी विचारा : जागा कोणाची? पैसे कोण देणार? सही कोण करणार?

बंगला असेल तर मालकाची सही घ्या. भाडेकरू काम करून घेत असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. गृहनिर्माण संस्था असेल तर एकट्या सचिवाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, व्यवस्थापक समितीच्या ठरावाची प्रत आणि संस्थेचा शिक्का घ्या. बिल्डर असेल तर करार कंपनीच्या नावाने आहे की साइट सुपरवायझरच्या नावाने, ते पाहा. आर्किटेक्टने काम दिले असेल तर पैसे आर्किटेक्ट देणार की मालक, हे पहिल्याच ओळीत लिहून घ्या.

करारात काय काय असावे

१. कामाचे मोजमाप. "समोर लॉन, बाजूला झाडे" एवढे लिहून भागत नाही. लांबी, रुंदी, क्षेत्रफळ लिहा. हाताने काढलेला साधा नकाशा जोडा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. सुरुवातीचे फोटो तारखेसह ठेवा.

२. माती आणि खत. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. नव्या लेआऊटमध्ये तर वर मुरूम आणि बांधकामाचा मलबाच असतो. म्हणून बहुतेक ठिकाणी बाहेरून माती आणावी लागते, आणि सर्वात मोठा वाद तिथेच होतो. हिशेब करून पाहू. ४० बाय ५० फुटांचे लॉन म्हणजे २,००० चौरस फूट. त्यावर ६ इंच माती टाकायची तर १,००० घनफूट, म्हणजे १० ब्रास माती लागते. तीच ३ इंच टाकली तर ५ ब्रास. करारात "चांगली माती टाकणे" एवढेच असेल, तर ठेकेदार ५ ब्रास टाकून मोकळा होऊ शकतो आणि मालक १० ब्रासचा हट्ट धरू शकतो. थराची जाडी आणि ब्रास लिहिले की दोघेही बांधले जातात. मलबा कोण उचलणार आणि किती ट्रॅक्टर, हेही लिहा.

३. रोपे. प्रत्येक जातीचे नाव, संख्या, उंची आणि पिशवीचा आकार लिहा. दोन फुटांचे कडुनिंबाचे रोप आणि आठ फुटांचे कडुनिंबाचे झाड यांच्या किमतीत मोठा फरक असतो. लॉनसाठी कोणते गवत, ते चटईसारखे तयार टाकायचे की कांड्या लावायच्या, हेही नमूद करा.

४. पाणी आणि वीज. पाणी मालकाने द्यायचे की ठेकेदाराने टँकर आणायचा? बोअरला पाणी नसले तर काय? नळाचे पाणी बगीच्याला वापरायचे की नाही? ठिबक किंवा स्प्रिंकलर बसवायचे असेल तर पाइपची लांबी, मोटारीची ताकद आणि तिची वॉरंटी लिहा.

५. जगण्याची हमी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतपात लावलेले लॉन आणि जूनच्या पावसानंतर लावलेले लॉन यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून हमी किती दिवसांची, किती टक्के रोपांची आणि कोणत्या अटींवर, हे स्पष्ट करा. मालकाने ठरलेले पाणी दिले नाही, गुरे आत शिरली, किंवा बांधकामाचे सिमेंटचे पाणी वाफ्यात सोडले, तर मेलेल्या रोपांची जबाबदारी ठेकेदाराची राहणार नाही, असे वाक्य असावे. उलट, रोगट रोपे आणली किंवा खड्डा उथळ खणला, तर ठेकेदाराने स्वखर्चाने रोप बदलून द्यावे. मालकाला उन्हाळ्यातच लावायचे असेल, तर धोका त्याला समजावून सांगा आणि तसे लिहून घ्या.

६. पैशाचे टप्पे. समजा काम १,२०,००० रुपयांचे आहे. करारासोबत ३० टक्के म्हणजे ३६,०००. माती व रोपे जागेवर आल्यावर ४० टक्के म्हणजे ४८,०००. लागवड पूर्ण झाल्यावर २० टक्के म्हणजे २४,०००. आणि हमीचा काळ संपल्यावर १० टक्के म्हणजे १२,०००. टक्केवारी प्रत्येकाने आपल्या सोयीने ठरवावी. तत्त्व एवढेच की ठेकेदाराचे घरचे पैसे मालकाच्या जमिनीत फार काळ अडकू नयेत आणि मालकाचेही सगळे पैसे आधीच जाऊ नयेत. रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने घ्या. रोख घेतली तर पावती द्या.

७. वाढीव काम. "आता आलाच आहात तर मागच्या बाजूलाही थोडे करून टाका" हे वाक्य या धंद्यातील अनेकांचा नफा खाऊन जाते. करारात लिहा की वाढीव काम, त्याचा दर आणि त्याचे वाढीव दिवस लेखी मंजूर झाल्यावरच सुरू होतील. व्हॉट्सॲपवरचा मालकाचा "होय, करा" हा संदेशही यासाठी चालेल, असे करारातच नमूद करा.

८. मुदत आणि उशीर. सुरुवात आणि शेवटची तारीख लिहा. पाऊस, पाणीटंचाई किंवा मालकाकडून पैसे येण्यास झालेला विलंब यामुळे गेलेले दिवस मुदतीत धरू नयेत. उशिराबद्दल दंडाची अट असेल तर घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई ठरवते.

९. परवानग्या आणि नुकसान. शहरात झाड तोडायचे असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन कायदा १९७५ प्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती मालकाने आणायची, हे लिहा. परवानगीशिवाय कुऱ्हाड चालवली तर अंगावर येते ती चालवणाऱ्याच्या. खोदताना पाण्याची लाइन, केबल किंवा गटार फुटले तर काय? मालकाने लाइन कुठे आहे ते दाखवले असेल तर जबाबदारी ठेकेदाराची, दाखवले नसेल तर मालकाची, अशी विभागणी न्याय्य आहे.

१०. करार मोडणे. काम मध्येच थांबले तर झालेल्या कामाचे मोजमाप दोघांनी मिळून करायचे आणि तेवढे पैसे ठराविक दिवसांत द्यायचे. पूर्ण पैसे मिळेपर्यंत जागेवरचा न वापरलेला माल कोणाचा, हेही लिहा.

११. वाद. मोठे बिल्डर छापील करार पुढे करतात. त्यात शेवटी बारीक अक्षरात लिहिलेले असते की वाद झाल्यास लवाद आम्ही नेमू आणि न्यायालय मुंबईचे राहील. हे वाचल्याशिवाय सही करू नका. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्यानेच एकमेव लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात अमान्य केले आहे. तरीही सुरुवातीलाच "न्यायक्षेत्र नागपूर" असे लिहून घेणे हा सोपा मार्ग आहे. दोन लाखांच्या बिलासाठी मुंबईच्या फेऱ्या कोणाला परवडतात?

देखभालीचा करार वेगळा करा

बगीचा तयार करणे आणि तो दर महिन्याला सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. देखभालीच्या करारात आठवड्यात किती फेऱ्या, गवत कापणी किती दिवसांनी, खत आणि औषध कोणाचे, यंत्राचे पेट्रोल कोणाचे, सुट्या किती, दर कधी वाढणार आणि करार बंद करण्यासाठी किती दिवसांची नोटीस, हे असावे. माळ्याला मालकाने गाडी धुवायला किंवा बाजारातून सामान आणायला लावू नये, हेही लिहायला हरकत नाही. "थोडेसे काम" म्हणत म्हणत जुनी सवय याच वाटेने परत येते.

मुद्रांक, सह्या, प्रती

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. मोठ्या रकमेच्या ठेक्यावर शुल्क रकमेप्रमाणे वाढते, म्हणून मुद्रांक घेण्यापूर्वी चौकशी करा. अपुऱ्या मुद्रांकाचा करार रद्द होत नाही, पण तूट आणि दंड भरल्याशिवाय तो न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. अशा कराराची नोंदणी सक्तीची नाही, नोटरीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार असले तर चांगले. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या आणि दोन प्रती करून एक स्वतःजवळ ठेवा.

ज्याला मुद्रांकावर सविस्तर करार करणे शक्य नाही, त्याने निदान लेखी कोटेशन द्यावे आणि त्यावर मालकाकडून "मान्य" लिहून सही व तारीख घ्यावी. व्हॉट्सॲप संदेशही पुरावा होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून संदेश पुसू नका, फोन बदलताना चॅट जपून ठेवा.

पैसे अडले तर काय करावे

पहिले पाऊल लेखी मागणीचे. बिल, मोजमाप, फोटो आणि किती दिवसांत पैसे हवेत ते लिहून स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावती जपून ठेवा.

दुसरी गोष्ट मुदतीची. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षे आहे. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर ती काम झाल्यापासून मोजतात. मुदत संपण्यापूर्वी मालकाने थकबाकी लेखी मान्य केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. "पुढच्या दिवाळीला देतो" अशा तोंडी वायद्यांवर तीन दिवाळ्या गेल्या की हातात काही उरत नाही.

तिसरा मार्ग लघुउद्योगांचा. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि ती काम घेण्याच्या आधीच करून ठेवावी. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करारात ठरलेल्या तारखेपर्यंत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. तारीख ठरलेली नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. एक सावधगिरी मात्र हवी. माल आणि मजुरी एकत्र असलेल्या अखंड कामाला, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्टला, हा कायदा लागू नाही असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. म्हणूनच देखभालीचा, म्हणजे निव्वळ सेवेचा, करार वेगळा ठेवणे हिताचे आहे.

चौथा मार्ग मोफत कायदेशीर मदतीचा, आणि आपल्या मुलांना तो बहुधा माहीत नसतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांचाही अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश आहे. जातीचा दाखला घेऊन नागपूर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. दावा लावण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथे कोर्ट फी लागत नाही आणि तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते.

पोलीस ठाण्यात गेल्यावर "ही दिवाणी बाब आहे" असे उत्तर मिळते आणि निव्वळ थकबाकीच्या बाबतीत ते बरोबरही असते. पण पैसे मागायला गेल्यावर जातीवरून शिवीगाळ, मारहाण किंवा जबरदस्तीने काम करवून घेणे घडले, तर तो वेगळा गुन्हा आहे आणि त्याला अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ आहे. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नका. पैशाचा दावा पैशाच्या कागदावर लढा, अत्याचाराची फिर्याद घटनेच्या पुराव्यावर लढा. सरमिसळ केली की दोन्ही कमजोर होतात.

मालकाची बाजूही आहे

आपल्यातही आता घरमालक आहेत, आणि सगळेच ठेकेदार प्रामाणिक असतात असे नाही. ॲडव्हान्स घेऊन गायब होणे, कमी माती टाकणे, जगणार नाहीत अशी रोपे लावणे हे प्रकार होतात. घरगुती वापरासाठी सेवा घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो : काय ठरले होते, ते दाखवा.

विहार समित्यांनी तर विशेष काळजी घ्यावी. ते पैसे समाजाच्या वर्गणीचे असतात. दोन-तीन कोटेशन घ्या, समितीत ठराव करा, करार करा आणि हिशेब फलकावर लावा. ठेकेदार आपला म्हणून कागद टाळू नका, आणि आपला आहे म्हणून त्याचे पैसेही अडवू नका. "धम्मकार्य समजून करून दे" असे म्हणून गरीब मुलाकडून फुकट काम घेणे हे दान नव्हे. दान देणाऱ्याने स्वतः ठरवायचे असते.

सरकारी बगीचे आणि मोठी कामे

केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वस्तू व सेवांच्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, असे लक्ष्य आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉयल यांची मुख्यालये नागपुरातच आहेत. उद्यम नोंदणी आणि जातीचा दाखला ज्याच्याकडे आहे, त्याने बगीचा देखभालीच्या निविदांवर लक्ष ठेवावे.

सार्वजनिक जागेचे करार हा तर सर्वांचाच विषय आहे. अंबाझरीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडले गेले आणि समाजाला दीर्घ आंदोलन करावे लागले. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोक उतरले आणि सरकारने काम थांबवले. दोन्ही वेळी लोकांनी विचारले की हे काम कोणी, कोणाला, कोणत्या अटींवर दिले? हा प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारता येतो. माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपये भरून कार्यादेश, नकाशा आणि कराराची प्रत मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. हे काम कार्यकर्त्यांनी नियमित करावे.

आपल्या हाताखालच्या मजुरांचे काय?

मालकाकडे कागद मागणारा ठेकेदार आपल्या मजुरांना कागद देतो का? बगीच्याच्या कामात खड्डे खोदणे, माती वाहणे, गवत लावणे हे बरेचसे काम मजूर स्त्रिया करतात. त्यांची हजेरी वहीत असावी, मजुरी किमान वेतनापेक्षा कमी नसावी, आणि त्याच कामासाठी स्त्री-पुरुषांना वेगळा दर नसावा. औषध फवारताना हातमोजे आणि तोंडाला मास्क द्यावा. कोणाला इजा झाली तर उपचार कोण करणार, हे मालकाशी केलेल्या करारातच लिहावे. मालकाने पैसे अडवले म्हणून मजुरांचे अडवणे योग्य नाही. त्यांचा करार ठेकेदाराशी असतो.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालक आणि कामगार यांची एकमेकांप्रती कर्तव्ये सांगितली आहेत. मालकाने ताकद पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगले पदार्थ वाटून खावेत, वेळेवर सुटी द्यावी. कामगाराने काम चोख करावे आणि दिलेले तेवढेच घ्यावे. दोन्ही बाजूंना बांधणारी ही यादी आहे. चांगल्या करारातही हेच असते.

एका पानाचा नमुना

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी खालील मजकूर आपल्या कामाप्रमाणे भरून वापरावा.

"आज दिनांक … रोजी नागपूर येथे जागामालक श्री./श्रीमती … (पत्ता, फोन) आणि ठेकेदार श्री./श्रीमती … (पत्ता, फोन, उद्यम क्रमांक) यांच्यात हा करार झाला. १) मालकाच्या … येथील जागेवर सोबतच्या नकाशाप्रमाणे … चौरस फूट बगीचा ठेकेदार तयार करील. २) माती … इंच थर, एकूण … ब्रास, शेणखत …, रोपांची यादी सोबत जोडली आहे. ३) एकूण रक्कम … रुपये. टप्पे : करारासोबत …, माल आल्यावर …, काम पूर्ण झाल्यावर …, हमी संपल्यावर … . ४) काम … पासून … पर्यंत. पाऊस, पाणीटंचाई व रक्कम मिळण्यास झालेला विलंब यांचे दिवस वगळले जातील. ५) पाणी व वीज … यांनी पुरवावी. ६) काम संपल्यापासून … दिवसांत मेलेली रोपे ठेकेदार बदलून देईल, पाणी न मिळाल्याने किंवा गुरांमुळे झालेले नुकसान यात येणार नाही. ७) वाढीव काम लेखी किंवा व्हॉट्सॲप मंजुरीनंतरच होईल व त्याचे पैसे वेगळे राहतील. ८) झाडतोडीची परवानगी मालक आणील. ९) बिल दिल्यापासून … दिवसांत रक्कम द्यावी. १०) काम मध्येच थांबल्यास संयुक्त मोजमाप करून झालेल्या कामाचे पैसे … दिवसांत द्यावेत. ११) वाद झाल्यास न्यायक्षेत्र नागपूर राहील. सह्या, साक्षीदार, तारीख."

हा नमुना लहान कामांना पुरेसा आहे. रक्कम मोठी असेल किंवा समोरचा आपला छापील करार देत असेल, तर सहीपूर्वी वकिलाला दाखवा. प्रत्येक वस्तीत आपले तरुण वकील आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून अशा ठेकेदारांचे, प्लंबरांचे, रंगाऱ्यांचे, वायरमनांचे करार तपासून दिले, तर वर्षभरात कितीतरी घरांचे पैसे वाचतील. पुढचे काम घेण्याआधी वरचे अकरा मुद्दे एका कोऱ्या कागदावर उतरवा आणि मोजमापाला जाताना तो कागद सोबत न्या.

जय भीम.